काळी चारचा हट्ट

प्रश्न थोडक्यात (नाव-गाव गाळून):

पत्र लिहिणाऱ्या ताई 52 वर्षांच्या आहेत. कॉलनीतल्या महिला भजनी मंडळात गेली 18 वर्षं पुढे त्याच म्हणतात, बाकीच्या मागे. पाळी जाऊन दीड वर्ष झालं. त्याच सुमारास आवाज जड व्हायला लागला. वरचा सूर लागत नाही, अर्ध्या तासात घसा थकतो, सारखं खाकरावं लागतं. गॅसच्या नंबरवर फोन केला की पलीकडची मुलगी "हां सर, बोला" म्हणते. गेल्या आठवड्यात आषाढीच्या तालमीत पेटीवाल्या काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, पट्टी जरा खाली घेऊ का?" ताईंना ते लागलं. त्या हट्टाने नेहमीच्या काळी चारलाच (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून) बसल्या, गौळणीत आवाज फाटला, आणि घरी येऊन त्या रडल्या. यजमान म्हणतात, वय झालं, आता ऐकायचं. एक मैत्रीण म्हणते, हार्मोनच्या गोळ्या घे, आवाज परत येतो. ताईंना स्वतःला वाटतं की सासूबाईंच्या आजारपणात दोन वर्षं रियाज सुटला, त्याची ही शिक्षा. त्या विचारतात: गोळ्या सुरू करू, की मंडळातली जागा सोडू?

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचून आधी मनात आलं ते हे, की या सगळ्यात तुम्ही अजून कुणाला घसा दाखवलेलाच नाही. काकांचं बोलणं, यजमानांचं बोलणं, मैत्रिणीचा सल्ला, स्वतःला दिलेला दोष, सगळं पत्रात आहे. डॉक्टर मात्र कुठेच नाहीत. गुडघा दीड वर्ष दुखला असता तर तुम्ही एव्हाना दोन डॉक्टर केले असते. आवाजाच्या बाबतीत आपण बायका "घसा बसलाय" म्हणून हळदीचं दूध पितो आणि गप्प राहतो. म्हणून गोळ्या की जागा, या प्रश्नाला हात घालण्याआधी थोडं मागे जाऊ.

आधी ते शिक्षेचं. सासूबाईंची दोन वर्षं सेवा केलीत म्हणून देवाने आवाज काढून घेतला, असा काही हिशेब नसतो. रियाज सुटला की गळा आळसावतो हे खरं, पण तो पुन्हा मेहनत केली की बराचसा जागेवर येतो. तुमच्या पत्रातली लक्षणं वेगळी आहेत. बोलण्याचा आवाजसुद्धा खाली गेलाय, कोरड पडते, खाकरावं लागतं. हे नुसत्या रियाजाअभावी होत नाही.

गळ्यात आपण ज्यांना स्वरतंतू म्हणतो त्या खरं तर दोऱ्या नाहीत. ओलसर, मऊ अस्तराच्या दोन घड्या आहेत, आत स्नायू. बाईमाणसाच्या साध्या बोलण्यात त्या सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकींना भिडतात. काळी चारचा वरचा सा लावलात की सुमारे 415 वेळा. एवढं भिडूनही त्या सोलवटत नाहीत याचं कारण वरचं ते ओलं, लवचीक अस्तर. त्याला ओल पुरवणाऱ्या ग्रंथी इस्ट्रोजेन या बायकी संप्रेरकाच्या, म्हणजे हार्मोनच्या, जिवावर चालतात. पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन उतरतं, आणि डोळे, तोंड, योनीमार्ग कोरडे पडतात तसा घसाही कोरडा पडतो. कफ पातळ असायचा तो चिकट होतो. म्हणून ते खाकरणं.

दुसरी गोष्ट वजनाची. ज्यांना पुरुषी संप्रेरकं म्हणतात ती थोडीफार प्रत्येक बाईच्या अंगात असतात. इस्ट्रोजेन भरपूर असतं तोवर त्यांचं काही चालत नाही. ते कमी झालं की त्यांचा जोर दिसायला लागतो आणि या घड्या किंचित सुजतात, जड होतात. तुम्ही तानपुरा पाहिला असेल. खर्जाची तार जाड असते आणि खाली बोलते, जोडीच्या तारा बारीक असतात आणि वर बोलतात. तुमच्या गळ्यातली तार थोडी जाड झाली आहे, एवढंच. त्यातच वयामुळे आतला स्नायू थोडा रोडावतो, मग घड्या नीट मिटत नाहीत, वारा निसटतो आणि दम लवकर संपतो. पुरुषांचं नेमकं उलटं होतं. म्हातारपणी त्यांचा आवाज बारीक होऊन वर चढतो, आपला खाली उतरतो.

पॅरिसमधले घशाचे डॉक्टर जाँ आबितबोल यांनी 1999 साली यावर लिहिलं होतं. स्वरतंतूंवरच्या पेशी आणि गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर त्यांना दोन्हींत विलक्षण साम्य दिसलं. मला ही गोष्ट फार जवळची वाटते. पाळीच्या दिवसांत आवाज जड होतो हे गाणाऱ्या बायकांना कायम माहीत होतं, कुणी त्यांना विचारलं नव्हतं इतकंच.

सगळ्याच जणींना हा बदल जाणवतो असं नाही. जिचं काम आवाजावर चालतं तिला आधी कळतं. आपल्याकडे पाळी सरासरी 46-47 च्या आसपास जाते, म्हणजे कामाच्या, जबाबदारीच्या ऐन भरात. शाळेतल्या बाई, एसटीतल्या कंडक्टर, अंगणवाडी ताई, बाजारात ओरडून भाजी विकणारी, आणि तुमच्यासारख्या पुढे म्हणणाऱ्या. या सगळ्यांना मी पुढचं सांगते आहे.

पाळी गेली म्हणून आवाज बदलला, हा निष्कर्ष आपण शेवटी काढायचा, आधी नाही. ताई, हे जरा कडक शब्दांत सांगते. आवाज तीन-चार आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला की कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून स्वरतंतू पाहायलाच हवेत, वय कितीही असो. गिळताना त्रास, थुंकीत रक्त, मानेला गाठ, एका बाजूला कानात सणक, श्वासाला त्रास यातलं काहीही असेल तर तेवढेही आठवडे थांबू नका. आणि मिशेरी लावत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. लाजू नका, त्यांनी रोज ऐकलेलं असतं.

दुर्बिणीची भीती वाटते म्हणून खूप जणी टाळतात. होतं काय ते सांगते. नाकातून एक बारीक लवचीक नळी घालतात, किंवा जीभ धरून तोंडातून एक दांडी. आधी सुन्न करणारा फवारा मारतात, तो कडवट लागतो. मग "ई" म्हणायला लावतात. काही मिनिटांचं काम. बऱ्याच ठिकाणी समोर पडदा असतो, त्यावर तुम्हालाही दिसतं: दोन पांढुरक्या पट्ट्या, श्वास घेतला की फाकतात, "ई" म्हटलं की मिटतात. ज्या गळ्याने 18 वर्षं अभंग म्हटले तो डोळ्यांनी बघायला मिळतो. शक्य असेल तर स्ट्रोबोस्कोपीची सोय असलेल्या डॉक्टरांकडे जा. त्यात उघडझाप करणाऱ्या प्रकाशामुळे घड्यांची थरथर संथ झाल्यासारखी दिसते आणि त्या कुठे नीट मिटत नाहीत ते कळतं.

त्याबरोबर थायरॉइडची टीएसएच तपासणी आणि हिमोग्लोबिन करून घ्या. थायरॉइड कमी काम करत असेल तरी आवाज असाच जड, घोगरा होतो, आणि या वयात आपल्या बायकांत ते वारंवार सापडतं. त्याची गोळी वेगळी, स्वस्त, आणि आवाजाला बऱ्याचदा फरक पडतो. मैत्रिणीच्या सल्ल्यावरून तुम्ही हार्मोन सुरू केले असते आणि दुखणं थायरॉइडचं निघालं असतं तर?

आणखी एक प्रश्न, तुमच्या पत्रातच त्याचं उत्तर मला दिसतंय. भजनाहून रात्री साडेदहाला येता, मग जेवता आणि लगेच आडव्या होता, असं लिहिलंय. आडवं झाल्यावर पोटातलं आम्ल वर घशापर्यंत येतं. छातीत जळजळ नसली तरी सकाळी घसा खवखवणं, खाकरणं, आवाज फुटायला वेळ लागणं हे त्यामुळेही होतं. भजनाच्या दिवशी संध्याकाळी सहा-साडेसहाला हलकं जेवून जा, आल्यावर फार तर थोडं ताक. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. महिनाभर करून बघा.

आता गोळ्यांचं.

इस्ट्रोजेनची औषधं घेणाऱ्या काही बायकांचा आवाज कमी उतरतो, कोरड कमी होते, असं दिसलं आहे. पण याबाबतचे अभ्यास एकमुखी नाहीत, आणि निव्वळ आवाजासाठी ही औषधं सहसा देत नाहीत. ती द्यायची ती अंगातून वाफा येतात, रात्री घामाने झोप मोडते, हाडं ठिसूळ व्हायची भीती असते म्हणून. तुम्ही लिहिलंय की रात्री दोन-तीनदा घामाघूम होऊन उठता. मग स्त्रीरोगतज्ज्ञांशी हा विषय जरूर काढा, त्या त्रासासाठी. आवाजाला फायदा झाला तर तो वरचा.

2002 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर या औषधांची सरसकट भीती बसली होती. आज तज्ज्ञ म्हणतात की 60 च्या आत किंवा पाळी गेल्यापासून 10 वर्षांच्या आत सुरू केली, आणि बाईला स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, यकृताचा आजार असं काही नसेल, तर बहुतेकींना फायद्याचं पारडं जड असतं. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं बायकी संप्रेरकही घ्यावं लागतं, पिशवी काढलेली असेल तर बहुधा नुसतं इस्ट्रोजेन चालतं. हे सगळं तुमच्या घराण्यातले आजार, तुमचं बीपी, मॅमोग्राम बघून ठरायचं. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून आणायची ही गोष्ट नव्हे.

आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा, "मी गाते." हे वाक्य विसरू नका. कारण काही औषधं आवाज आणखी खाली नेतात. टेस्टोस्टेरॉनचं जेल, डॅनाझॉल, टिबोलोन, आणि पुरुषी संप्रेरकाच्या जवळ जाणारी काही प्रोजेस्टेरॉनं त्यात येतात. सगळ्यात जास्त काळजी मला एका इंजेक्शनची वाटते. अशक्तपणा आहे, हाडं दुखतात म्हणून आपल्याकडे उतारवयातल्या बायकांना नॅन्ड्रोलोनचं इंजेक्शन "ताकदीचं" म्हणून टोचलं जातं. ते अॅनाबॉलिक स्टेरॉइड आहे, म्हणजे पुरुषी संप्रेरकासारखं काम करणारं औषध. त्याने बाईचा आवाज पुरुषासारखा होऊ शकतो, आणि तसा झालेला आवाज इंजेक्शन थांबवलं तरी परत येईलच असं नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत तुम्हाला "ताकदीची" म्हणून काही इंजेक्शनं दिली होती का, ते आठवून बघा. जुने कागद काढा आणि घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

औषधाहून मला जास्त भरवसा वाटतो तो आवाजाच्या व्यायामावर. स्पीच थेरपिस्ट फक्त तोतऱ्या मुलांसाठी असतात हा आपला गैरसमज आहे. बसलेल्या, थकलेल्या आवाजावर ते रीतसर काम करतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, मोठ्या सरकारी रुग्णालयांतही हा विभाग असतो. आठवड्यातून एकदा, असे सहा-आठ वेळा जावं लागतं. थकलेला स्नायू चालून-चालून घट्ट होतो, तसंच हे.

तोवर घरी एक करता येईल. पेल्यात पाणी घ्या, त्यात स्ट्रॉ दोन बोटं बुडवा. नाकाने सावकाश श्वास घ्या आणि स्ट्रॉमधून "ऊ" असा सूर सोडा, पाण्यात बुडबुडे येतील. आधी आरामाच्या एकाच सुरावर. मग खालून वर, वरून खाली, घसरगुंडीसारखा. दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. नातू असेल तर तो मांडीवर येऊन बसेल, बसू द्या. यात होतं असं की तोंड जवळपास मिटलेलं असल्यामुळे आतल्या हवेचा दाब त्या घड्यांना खालून-वरून तोलून धरतो, आणि त्या एकमेकींवर न आपटता अलगद भिडतात. ज्या सुरावर तुमचा आवाज फाटतो तो सूर स्ट्रॉमधून कदाचित निघेल. निघाला तर घाबरू नका आणि लगेच मोकळ्या गळ्याने तोच सूर काढायलाही धावू नका. मिटल्या ओठांनी गुणगुणणं, लहान मुलं गाडी चालवताना ओठांनी करतात ती "ब्रर्रर्र", हे त्याच जातीचे व्यायाम. पहाटे उठून जोर लावून खर्ज भरायचा मात्र आत्ता थांबवा. गळ्याला ओढून खाली नेणं हाही ताणच.

खाकरायची सवय मोडा. प्रत्येक खाकरण्यात त्या घड्या एकमेकींवर जोरात आदळतात, सुजतात, आणखी कफ सुटतो, आणि पुन्हा खाकरावंसं वाटतं. त्याऐवजी एक घोट पाणी घेऊन गिळा. कुजबुजत बोलणं म्हणजे घशाला आराम, असंही समजू नका, त्यात ताण पडतो. हळू पण खऱ्या आवाजात बोला. वाफ घ्या, साध्या पाण्याची, बाम न घालता. सर्दीच्या गोळ्या ऊठसूट घेऊ नका, त्या घसा सुकवतात. आणि ज्येष्ठमध. तुम्ही लिहिलंय की दिवसभर काडी तोंडात असते, आणि बीपीची गोळीही चालू आहे. ताई, रोज भरपूर ज्येष्ठमध चघळला तर बीपी वाढतं आणि अंगातलं पोटॅशियम कमी होतं. ती काडी आजच बाजूला ठेवा. खडीसाखर ठेवा हवी तर, साखरेचा आजार नसेल तर.

आता मंडळाकडे येते. खरं दुखणं तिथे आहे, हे मला पत्राच्या तिसऱ्या पानावरच कळलं.

काकांनी पट्टी खाली घेऊ का असं विचारलं त्याचा तुम्ही अर्थ लावलात, "तुमचं संपलं." मी तिथे नव्हते, पण पेटीवाला माणूस सुरांत विचार करतो. त्याला ऐकू आलं की काळी चारला तुमचा गळा आवळतोय, म्हणून त्याने विचारलं. खासगीत विचारलं असतं तर बरं झालं असतं, हे मान्य. पण काळी चार ही काही तुमची जात नाही की तुमचं गोत्र नाही. तिथे तुमचा गळा 18 वर्षं रमला, आता तो दुसरीकडे रमेल.

हुबळीच्या गंगूबाई हनगल आठवा. त्यांचं कारण वेगळं होतं, गळ्याच्या दुखण्यानंतर त्यांचा आवाज पार बदलला, इतका की पडद्याआडून ऐकणाऱ्याला पुरुष गातोय असं वाटावं. त्या त्याच भारदस्त आवाजात पुढची कित्येक दशकं गायल्या आणि 2002 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. किराणा घराण्याचा तो संथ, एकेक सूर भरत जाणारा विस्तार त्या आवाजात असा काही उभा राहायचा की ऐकणारा तो आवाज दुसऱ्या कशाशी ताडून बघायचा विसरून जाई.

आता हे करून बघा. काकांना फोन करा. म्हणा, "काका, तालमीच्या आधी अर्धा तास या, पट्टी ठरवू." एकच अभंग घ्या, ज्याची चाल वरच्या मध्यमापर्यंत जाते असा. काळी चारवरून पांढरी पाच, मग काळी तीन, मग पांढरी चार, एकेक पायरी उतरत म्हणून बघा. कुठल्या पट्टीत वरचा सूर ओरडावा न लागता येतो, आणि खालचा सूर विरत नाही, ते काकांना ऐकू द्या. माझा अंदाज आहे की काळी तीनच्या आसपास तुम्हाला सापडेल, पण मी तुमचा गळा ऐकलेला नाही.

आणि मंडळातल्या बाकीच्यांकडे बघा. बहुतेक जणी 45 ते 65 मधल्या असणार. तुमच्यामागे काळी चारला म्हणताना त्यांच्यापैकी किती जणी वरच्या ओळीला नुसते ओठ हलवतात? एकदा टाळ बंद ठेवून म्हणायला लावा, कळेल. पट्टी उतरवलीत तर कदाचित अर्धं मंडळ सुटकेचा श्वास टाकेल.

टाळांचंही बघा. मागे दहा टाळ वाजत असले की त्यांच्यावर आवाज काढायला आपण नकळत ओरडतो. तालमीत टाळ हलके वाजवा, प्रत्यक्ष भजनात माइक तोंडाजवळ घ्या आणि त्याला काम करू द्या. शाळेतल्या बाईंनीही चाळीस मुलांवर ओरडण्यापेक्षा कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि कॉलर माइक घ्यावा. लाज वाटते म्हणून घेत नाहीत आणि डिसेंबरपर्यंत आवाज घालवून बसतात.

गौळण वर जाणारी असेल तर ती तुमच्या मंडळातल्या त्या नव्या सूनबाईला द्या, जिचा तुम्ही ओझरता उल्लेख केलाय. हे जागा सोडणं आहे असं तुम्हाला वाटेल. मी तसं मानत नाही. अभंग तुम्ही म्हणा, गौळण ती म्हणेल, भैरवीला पुन्हा तुम्ही. यजमानांनाही एकदा तालमीला बोलवा आणि नव्या पट्टीतला अभंग ऐकवा. त्यांनी "ऐकायचं" म्हटलंय ना, मग ऐकू देत.

आषाढीला पाच आठवडे आहेत. व्यायामाचा गुण दिसायला दीड-दोन महिने लागतात, तेव्हा आषाढीपर्यंत गळा पूर्वीसारखा होईल असं मी म्हणणार नाही. पूर्वीसारखा तो कदाचित होणारच नाही. मोकळा, न दुखणारा, तासभर टिकणारा होईल, अशी मला आशा आहे. घशाच्या डॉक्टरांची वेळ मात्र याच आठवड्यात घ्या. पट्टी ठरली की तबलजींना दोन दिवस आधी कळवा. काळी चारचा दाया (उजव्या हाताचा तबला) फार उतरवला तर सैल पडतो, नीट बोलत नाही, त्यांना कदाचित दुसरा आणावा लागेल.

दुर्बिणीत काय दिसलं ते मला जरूर लिहा.